नारळाआधीची बोट

मोरेश्वर जिंकायला लागला की त्याचं पोट बिघडायचं. अतिशयोक्ती नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर शत्रूच्या किल्ल्याचा दरवाजा कोसळला, की हा माउस तसाच सोडून शेडमागच्या संडासाकडे धावायचा. परत येऊन कपाळ पुसत म्हणायचा, "राऊत, कायतरी चुकतंय. एवढा सोपा आसू नये."

तारापूरच्या एमआयडीसीत, रंगाच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. मी टाइम ऑफिसात होतो. म्हणजे कोण कधी आला, कधी गेला, कोण रजेवर आणि कोण दांडीवर, हे लिहिणारा माणूस. तो समुद्राकाठच्या मुरबे गावचा, कोळ्याच्या घरातला. मी माकुणसारचा, बागायती करणारा वाडीवाला; बोईसरला खोली घेऊन राहायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. हजेरीसाठी कारखान्यात एक कॉम्प्युटर आला, आणि तो बसवायला आलेल्या माणसाने जाता जाता त्यात एक गेम टाकून दिला.

गेम जुन्या काळातल्या राजेरजवाड्यांचा. सुरुवातीला चार शेतकरी, एक झोपडी. लाकूड तोडायचं, गहू पिकवायचा, दगड फोडून किल्ला बांधायचा, सैनिक आणि गलबतं तयार करायची आणि आजूबाजूच्या राजांना हरवायचं. सोपी, मध्यम, कठीण अशा तीन पायऱ्या. जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळची बस यायच्या आधी मिळून रोज तासभर. तेवढ्यात पन्नाशीतल्या या माणसाने सहा महिन्यांत तिसरी पायरीही ओलांडली.

"याच्या पुढं काय?" त्याने विचारलं.

"काही नाही. संपलं."

"संपला कसा? आता तर भ्याव वाटायला लागलाय."

जगात लोक हरायला घाबरतात. मोरेश्वर सगळं सुरळीत चाललं की घाबरायचा. "शांत पान्यावर भरवसा नाय," हे त्याचं वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. स्टोअरमधला माल बरोबर भरला तरी हेच, आणि बस वेळेवर आली तरी हेच.

मग त्याने स्वतःच नियम घालायला सुरुवात केली. तट बांधायचा नाही. सैनिकांना पाळ्या लावायच्या: एकदा लढलेला सैनिक पुढच्या लढाईला नाही. "नाइट करून आलेल्या मानसाला परत कामाला जुंपतोस काय तू?" कारखान्यात ज्या दिवशी वीज गेली, त्या दिवशी गेममधल्या लोहाराची भट्टी बंद. हरत आलो म्हणून मागे जाऊन जुना डाव उघडायचा नाही. "झाला ते झाला. समुद्रात मागं जायचा बटन हाय काय?"

कॉम्प्युटर आल्यावर हजेरीची कोरी मस्टरं माझ्याकडे पडून होती. त्यातलं एक त्याने मागून घेतलं आणि आपल्या सगळ्या सैनिकांची नावं लिहून काढली. पडद्यावर ते सगळे एकसारखे दिसायचे, पण मोरेश्वरला ओळखू यायचे. मी त्याला खुणा शिकवल्या: पी म्हणजे हजर, ए म्हणजे न सांगता गैरहजर, एल म्हणजे मंजूर रजा. ओडी म्हणजे बाहेरच्या कामावर. माणूस डोळ्यांना दिसत नसला तरी तो आपल्याच कामाला गेलाय, त्याचा दिवस भरायचा. ओडी त्याला फार आवडलं. लांब लाकूड तोडायला गेलेल्यांना तो मन लावून ओडी द्यायचा. चूक झाली तर खोडायचं कसं, हेही मी शिकवलं. रबर नाही. लाल शाईची एक रेघ, बाजूला बरोबर खूण आणि टाइमकीपरची सही.

एकदा मी मस्टर चाळलं. माझं नाव होतं, त्यापुढे शेरा: 'किल्ल्यावरच ठेवणे. पोहता येत नाही.'

"आणि तू कुठे आहेस? राजा?"

"राजा आसल कोनतरी," तो म्हणाला. "मी धक्क्यावर. राखनदार."

पण त्याचा सगळ्यात अवघड नियम गलबतांचा होता. पावसाळा लागला की मुरब्याला बोटी वर ओढून माडाच्या झावळ्यांनी शाकारतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कोणी बोट लोटत नाही. मोरेश्वरने हा कायदा गेमला लावला. त्या दोन-अडीच महिन्यांत त्याचं एकही गलबत धक्क्यावरून हलायचं नाही. शत्रूची गलबतं मात्र खुशाल येऊन त्याची शेतं जाळायची आणि हा हात बांधून बघत बसायचा. त्याची भूक मरायची. सुकट-भाकरीचा डबा तसाच परत जायचा.

गेटवरचे मिश्राजी चहाला आत आले की हे बघून हळहळायचे. "भाऊ, दुश्मन को भी बोलो ना, नारियल तक रुक जाए."

"त्याचा धरम त्याला, माजा मला," मोरेश्वर म्हणायचा.

पौर्णिमा झाली की तो ओल्या नारळाचा तुकडा आणून मॉनिटरवर ठेवायचा आणि मगच पहिलं गलबत सोडायचा.

पौर्णिमेच्या आधीचे सहा दिवस तो दरवर्षी रजा घ्यायचा. आम्हाला वाटायचं, भाऊबंदांच्या बोटींची डागडुजी करायला जातो. त्या वर्षीही त्याने अर्ज दिला आणि शिक्का मीच मारला.

आता जे सांगायचंय ते मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नाही.

त्याच्या रजेच्या तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी त्याचा डाव उघडला. एकच शत्रू उरला होता, एका बेटावर. धक्क्याला मोरेश्वरचं सगळ्यात मोठं गलबत बांधलेलं, त्यावर अकरा माणसं. समुद्र मोकळा दिसत होता. मला त्याच्या नियमांचा कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर थोडा रागही होता, कारण मला सोपी पायरीसुद्धा कधी जिंकता आली नव्हती. वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. बघू तरी. जिंकलो तर डाव जपून न ठेवता बाहेर पडू; त्याला कळणारही नाही.

मी गलबत सोडलं. बेटाला वळसा घालताच कड्यामागून शत्रूची दोन गलबतं निघाली. मी कळा दाबत राहिलो. गलबत तिरकं झालं आणि पाण्याखाली गेलं. नंतर तिथे नुसतं निळं पाणी.

तरीही काही बिघडलं नव्हतं. बाहेर पडलो असतो तर सगळं होतं तसं राहिलं असतं. बाहेर पडताना गेमने विचारलं, डाव जपून ठेवायचा का? आमचा हजेरीचा प्रोग्रॅम रोज संध्याकाळी हाच प्रश्न विचारायचा, आणि मी रोज 'होय' दाबायचो. बोट सवयीने त्याच बटणावर गेलं. होय.

तो परत येईपर्यंत माझी झोप गेली. कोणीही हसेल याला. एक खेळ, त्यातली बोट. पण बोईसर स्टेशनवर कोणी मागून हाक मारली तरी मी वळून न बघता चालायला लागायचो.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मोरेश्वर आला. नारळाचा तुकडा मॉनिटरवर ठेवला, हात जोडले, डाव उघडला. मी समोरच्या टेबलावर हजेरीची कार्डं लावत होतो, तीच तीच.

मग तो बोटाने पडद्यावर मोजायला लागला. धक्का, किल्ला, रान, परत धक्का.

"राऊत, हिते कोनी बसला व्हता काय?"

"नाही बुवा. कोण बसणार? आठवडाभर कॉम्प्युटरला हातच लावला नाही कोणी."

हजेरी कॉम्प्युटरवर रोज होत होती. मोरेश्वरच्या ते ध्यानात आलं नाही, किंवा येऊ दिलं नाही त्याने. मान हलवत म्हणाला, "मग पोरं आपनच गेली. पानी शांत बगितला आसल." मग मस्टर पुढ्यात ओढलं आणि म्हणाला, "त्यांचा काय चुकला? राखनदार जाग्यावर नव्हता."

मिश्राजी म्हणाले, "अरे भाऊ, मशीन है, गड़बड़ हो जाती है." मोरेश्वरने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यात बस आली.

त्यानंतर त्याने तो डाव कधी जिंकला नाही. हरलाही नाही. रोज उघडायचा, एक सैनिक धक्क्याच्या टोकाला उभा करायचा आणि अर्धा तास समुद्राकडे बघायचा. मग मस्टरमध्ये काहीतरी लिहून बंद करायचा. "भाऊ, खेल रहे हो कि ड्यूटी दे रहे हो?" मिश्राजी विचारायचे. तो हसायचा. पोट मात्र बिघडायचं थांबलं. मला वाटलं, विसरला. असं वाटणं माझ्या सोयीचं होतं.

निवृत्तीच्या दिवशी त्याने मस्टर पिशवीत घालून घरी नेलं. मीही पुढे माकुणसारला जाऊन राहिलो. येतो-येतो म्हणत मुरब्याला कधी गेलो नाही.

गेलो तो तो वारल्यावर, त्याच्या दिवसांना. वहिनींनी चहा दिला आणि आतून ते मस्टर आणून माझ्यासमोर ठेवलं. "कारखान्याचा हाय ना ह्यो? जमा करून टाका, भाऊ. सरकारी कागद घरात नको."

मी कशीबशी सुरुवात केली. "वहिनी, मोरेश्वर दरवर्षी पौर्णिमेआधी रजा घ्यायचा..."

"बंदरावर बसायचे," त्या म्हणाल्या. "सहा दिवस. दामूभावजींसाटी."

दामोदर त्याचा थोरला भाऊ. मोरेश्वर सतरा-अठरा वर्षांचा असताना, नारळी पौर्णिमेला सहा दिवस होते. समुद्र तेलासारखा शांत. दामोदर म्हणाला, आजच लोटू, कोण बघतंय. आईने मोरेश्वरला बोटीची राखण करायला बसवलं होतं, दामोदरला रोखायला. त्याने रोखलं नाही. उलट लोटायला हात लावला. अकरा माणसं गेली. कोणी आलं नाही.

"सासूबाईंनी कदी एक सबुद काडला नाय," वहिनी म्हणाल्या. "काडला आसता तर बरा झाला आसता."

मी त्यांना सगळं सांगितलं. गेम, गलबत, ते 'होय'. त्यांना अर्धं कळलं असेल. पण जे कळायचं ते कळलं.

"कॉम्प्युटरातली बोट तुमी सोडली व्हती?"

"हो."

"आनि यांना वाटला, यांच्यानं गेली?"

"हो."

त्या कपबशी उचलून आत जाता जाता थांबल्या. "तेवडा सांगायला हवा व्हता, भाऊ."

मस्टर मी घरी आणलं. आठवडाभर उघडायचा धीर झाला नाही. उघडलं तर गलबतावरच्या त्या अकरा माणसांच्या ओळी निघाल्या. पहिलं नाव दामोदरचं. त्यांच्यापुढे मला ए दिसेल असं वाटलं होतं, किंवा नावावर काट. तसं नव्हतं. त्या पौर्णिमेपासून पुढे, महिन्यामागून महिना, निवृत्तीच्या दिवसापर्यंत, प्रत्येक रकान्यात त्याच्या बारीक अक्षरात एकच खूण होती. ओडी. ओडी. ओडी. बाहेरच्या कामावर. दिवस भरायचा.

शेवटची ओळ राखणदाराची, मोरेश्वरची स्वतःची. त्या पौर्णिमेआधीच्या आठवड्यात तिथे सहा ए होते. न सांगता गैरहजर.

मी लाल पेन घेतलं. त्याची रजा मंजूर होती, शिक्का माझा होता. सहाही ए वर एकेक रेघ मारली, बाजूला एल लिहिलं. समासात लिहिलं: 'राखणदार मंजूर रजेवर होता. बोट मी सोडली.' खाली सही केली. चाळीस वर्षं हजेरी लिहिली, पण समासात स्वतःबद्दल कधी लिहिलं नव्हतं.

मग माझ्या नावाची ओळ शोधली. किल्ल्यावर, पोहता न येणारा. त्या सहा दिवसांत माझ्यापुढे त्याने सहा पी घातले होते. ते मी तसेच ठेवले. मी हजर होतो.