काटेकोर नेमाजी आणि नसलेली वाट

एका जंगलात, मुलांनो, विवेकाचं राज्य होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. तुमच्या शाळेच्या मागे लागतं तेच, असं समजा आणि मांडी घालून नीट बसा.

तिथला राजा होता एक गवा. नाव गवेंद्र महाराज. आवाज असा की झाडावरची फळं आपण होऊन खाली यावीत. गादीवर बसल्याबसल्या त्यांनी दवंडी पिटवली, "आजपासून या जंगलात अंधश्रद्धा बंद. जे मोजता येतं तेच खरं. बाकी सगळं थोतांड."

प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना खूर होते त्यांनी पाय आपटले.

मग महाराजांनी एक विवेक मंडळ नेमलं. मंडळाचे सचिव होते एक रानमांजर. हुशार, वळणदार अक्षराचे. अडचण एकच होती. ते सभेला निघाले की वाटेत कुणाला ना कुणाला आडवे जायचे, आणि मांजर आडवं गेलं म्हणून तो सभासद घरी परत फिरायचा. सभा काही भरेना. शेवटी मंडळाने पूर्ण विवेकाने ठराव केला, की सचिवांनी पहाटेच येऊन बसावं आणि बाकीच्यांनी मागून यावं. तेव्हापासून सभा वेळेवर भरू लागली.

याच मंडळाने 'सुमारे' या शब्दावर बंदी घातली. "सुमारे बोलतो तो सुमार," असं महाराज म्हणाले आणि स्वतःच्याच कोटीवर बराच वेळ हसले. 'सुमारे'च्या पाठोपाठ 'जवळजवळ' गेला, 'साधारण' गेला. 'अंमळ' आधीच म्हातारा झाला होता, तो आपण होऊन गेला. कोल्हीण नवऱ्याला म्हणायची, "आमटीत थोडं मीठ टाका हो." नवरा विचारायचा, "थोडं म्हणजे किती?" त्या काळात जंगलातल्या बऱ्याच घरांत लोक अळणी जेवले.

आता आपल्या गोष्टीतला मुख्य गडी. तो होता एक साळिंदर. त्याचं नाव नेमाजी, आणि तो राज्याचा मोजणीदार होता. त्याच्या पाठीवरचा मधला काटा हेच राज्याचं माप. झाड इतके काटे उंच, ओढा इतके काटे रुंद. तुम्ही-आम्ही उगाच कुणालाही काटेकोर म्हणतो. नेमाजी जन्मानेच काटेकोर होता. त्याच्या लग्नात भटजींनी अंतरपाट धरला, तर हा पठ्ठ्या अंतरपाटाची लांबी मोजत बसला आणि मुहूर्त टळला. पलीकडे गोदूबाई हार घेऊन ताटकळत उभ्या. त्या पुढे जन्मभर तशाच ताटकळल्या, असं त्यांच्या माहेरची मंडळी म्हणतात.

जंगलाच्या मधोमध एक चौरस माळ होता. चारी बाजू सारख्या, चारी कोपरे काटकोनात. एका कोपऱ्यावर नेमाजीचं बीळ. आणि तिरकं पाहिलं तर अगदी समोरच्या कोपऱ्यावर त्याच्या लेकीचं, शेवंतीचं सासर. दोन कोपऱ्यांच्या मधून माळावरून एक तिरकी पायवाट जायची. शेवंती याच वाटेने माहेरी यायची. आता तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरीच व्हायला हवं. गोदूबाईंनी डिंक गोळा करून ठेवला होता, गवत निवडून मऊ अंथरूण केलं होतं. त्या रोज उठून बिळाच्या तोंडाशी येत आणि तिरकं बघत.

अशात महाराजांच्या मनात आलं की जंगलातल्या प्रत्येक वाटेवर एक दगड हवा आणि दगडावर तिची लांबी हवी. जिची लांबी सांगता येणार नाही ती वाट रद्द. हुकूम निघाला. नेमाजी काटा घेऊन निघाला.

माळाची एक बाजू भरली बरोबर हजार काटे. ना केसभर कमी, ना केसभर जास्त. दुसरी बाजूही हजार. नेमाजीला ब्रह्मानंद झाला. मंडळाने दगड कोरून आणले. त्यांवर लिहिलं होतं, 'एक हजार एक'.

"वरचा एक कुठला?" नेमाजीने विचारलं.

"तो शुभ असतो," सचिव म्हणाले. "नुसते हजार देऊ नयेत कुणाला. दगडालासुद्धा."

नेमाजीने दगड रोवले. सरकारी काम होतं.

मग तो तिरक्या वाटेकडे वळला. चौदाशे चौदा काटे भरले, आणि कोपऱ्याशी वर थोडंसं उरलं. नेमाजीने इकडेतिकडे पाहिलं. 'थोडंसं' हा शब्द मनात आणणंही गुन्हा होता.

त्याने काट्याचे दहा सारखे तुकडे केले आणि एका तुकड्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा थोडंसं उरलं. त्या तुकड्याचे दहा केले. तरी उरलं. दर खेपेला उरलेलं आणखी बारीक व्हायचं, पण पुरतं जायचं नाव घेत नव्हतं. शेवटी त्याने उलटं केलं. तिरक्या वाटेला पुरं पडेल असंच माप बनवलं. वाट बरोबर भरली. पण त्याच मापाने बाजू मोजली तर आता बाजूला उरलं. पांघरूण आखूड असलं की डोकं झाकावं तर पाय उघडे पडतात, तसं झालं.

नेमाजीचं जेवणात लक्ष लागेना.

"अहो, उरलं तर उरू द्या," गोदूबाई म्हणाल्या. "मी पीठ मळते तेव्हा थोडं परातीला राहतंच. म्हणून काय भाकरी होत नाही?"

"अगं, परात राज्याच्या नकाशात नसते."

"आणि वाट बंद झाली म्हणजे? पोर कुठून येईल? भरल्या पोटाने दोन-दोन बाजू चालत?"

नेमाजी नखाने जमिनीवर चौरस काढत बसला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. नेमाजी पुढे झाला.

"महाराज, या वाटेचं माप निघत नाही."

"मोजायला चुकला असशील."

"चुकलो नाही महाराज. बाजूला जे माप लागतं ते हिला लागत नाही. हिला लागतं ते बाजूला लागत नाही. कितीही बारीक माप घ्या, दोघींचं जमत नाही."

"म्हणजे वाट वेडी आहे म्हणतोस?"

"वेडी नाही महाराज. जंगलात इतकी सरळ वाट दुसरी नाही. फक्त आपल्या मापात बसत नाही."

सचिव त्याच्या कानाशी लागले. "चौदाशे चौदा लिहून मोकळा हो ना. कोण बघायला जातंय?"

मुलांनो, इथे नेमाजीला सुटता आलं असतं. त्याच्या डोळ्यांपुढे शेवंती उभी राहिली, हात कमरेवर ठेवून हळूहळू चालणारी. एक आकडा लिहायचा की वाट राहिली असती. पण त्याच्या पाठीवरचे सगळे काटे एकदम ताठ झाले. "खोटं माप मी देणार नाही," तो म्हणाला. मला त्याचं कौतुकही वाटतं आणि त्याला दोन धपाटे घालावेसेही वाटतात.

"मग खरं काय ते सांग," महाराज गरजले.

"खरं म्हणजे, सुमारे चौदाशे..."

अर्ध्या दरबाराने कान झाकले. सशिणींनी पिलांना पदराआड घेतलं.

"महाराज, बाजूवर एक काटा उगाच चढवला तेव्हा कुणी बोललं नाही," नेमाजी कळवळून म्हणाला. "इथे तर काट्याच्या टोकाएवढंच आहे."

"तो शुभ होता," सचिव म्हणाले. "हे उरलेलं आहे."

महाराजांनी डोळे मिटून विचार केला. मग निकाल दिला, "जिला लांबी नाही ती वाट नाही."

"पण महाराज, सगळे रोज तिच्यावरून जातात."

"जातात, कारण ती नाही हे त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. कळवा."

त्याप्रमाणे माळाच्या बरोबर मधोमध पाटी लावली गेली. 'येथे वाट नाही.' ती वाचायला प्रत्येकाला त्या वाटेने पाटीपर्यंत जावं लागे. वाचून झाल्यावर पुढे जायचं की मागे, याबद्दल पाटीवर काही नव्हतं.

गोदूबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. नेमाजीने लेकीला निरोप धाडला, की दिवस भरत आले आहेत, लवकर निघ, कडेकडेने ये, दर झाडाखाली थांबत ये. निरोप धाडला खरा, पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. ऊन कसलं पडलं होतं म्हणता. मापात बसणाऱ्या त्या दोन्ही बाजूंवर झाड असं एकही नव्हतं, हे त्याला निरोप गेल्यावर आठवलं.

संध्याकाळी एक टिटवी ओरडत आली. "नेमाजीभाऊ, चला लवकर. शेवंतीला कळा सुरू झाल्या. घरून निघाली होती, मध्येच बसलीय."

"कुठे?"

टिटवीने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुठेच नाही. म्हणजे, पाटीपाशी."

नेमाजी बिळाबाहेर आला. गोदूबाई अंथरुणाचं बोचकं घेऊन केव्हाच निघून गेल्या होत्या, अर्थात तिरक्या. नेमाजी कोपऱ्यावर उभा राहिला. डावीकडे हजार एक. उजवीकडे हजार एक. समोर काहीच नाही. त्याच्या अंगावर काटा आला. काटे अंगावर होतेच म्हणा, पण हा वेगळा होता. त्याने डोळे मिटले आणि काहीच नसलेल्या जागी पाय टाकला. पाय नीट टेकला.

डोळे उघडून पाहतो तर काय, वाटेवर ही वर्दळ. ससे निघाले आहेत, कोल्हा बाजार करून येतो आहे, मंडळाचे सभासद गप्पा मारत चालले आहेत. कुणी कुणाला रामराम करत नव्हतं. जो तो आभाळाकडे बघत होता. वाटच नाही म्हटल्यावर वाटेत भेटणार कसं?

पुढे खुद्द गवेंद्र महाराज फेरफटका मारत होते. सोबत सचिव. दोघांनी नेमाजीला पाहिलं. नेमाजीने दोघांना पाहिलं.

"नेमाजी, आम्ही इथे नाही," महाराज म्हणाले.

"मीही नाही महाराज."

"मग हरकत नाही. पळतोस का इतका?"

"माझी लेक अडली आहे हो," नेमाजी म्हणाला आणि तसाच पुढे पळाला.

महाराज त्याच्यामागे धावले. पाटीच्या खांबाला टेकून शेवंती बसली होती. गोदूबाई तिचा घाम पुसत होत्या.

"बाबा, रागावू नका," शेवंती म्हणाली. "फेऱ्याने मला जमलंच नसतं."

नेमाजीने नुसता तिचा हात धरला. इतकं वाईट त्याला उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं.

महाराज गुडघे टेकून बसले. "चढवा तिला पाठीवर," ते म्हणाले. शेवंतीचे काटे त्यांच्या पाठीत रुतले. महाराजांनी ते मोजले नाहीत. ते उठून झपाझप चालू लागले.

तेवढ्यात सचिव रस्ता मोकळा करायला म्हणून पुढे पळाले, आणि घाईत महाराजांना आडवे गेले.

महाराज जागच्या जागी थांबले. "आता आलं का विघ्न," ते म्हणाले. "परत फिरायला हवं."

शेवंती कण्हली. नेमाजी हात जोडून उभा राहिला. गोदूबाई मात्र पदर खोचून पुढे आल्या.

"महाराज, मांजर वाटेत आडवं जातं ना?"

"हो."

"इथे वाट आहे का?"

महाराजांनी विचार केला. मुद्दा बिनतोड होता. निकालही त्यांचाच होता. "नाही," ते म्हणाले.

"मग चला की."

आणि महाराज चालू लागले.

दिवस मावळायच्या आत शेवंती माहेरच्या अंथरुणावर बाळंत झाली. मुलगी झाली. साळिंदराच्या पिलाचे काटे जन्मतः मऊ असतात, मुलांनो. त्यांनी काहीही मोजता येत नाही. नेमाजी तिच्याकडे बघतच राहिला. आनंदाने त्याला हसूही येत होतं आणि रडूही.

"केवढी आहे हो?" गोदूबाईंनी विचारलं. कितीतरी दिवसांनी त्या त्याच्याशी बोलत होत्या.

नेमाजीने सवयीने काटा काढला. पिलू वळवळलं आणि काट्याचं टोक चोखायला लागलं. नेमाजीने काटा हळूच सोडवून बाजूला ठेवला. बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं आणि दोन्ही हात थोडे लांब करून कुजबुजला, "सुमारे एवढी."

दुसऱ्या दिवशी विवेक मंडळाची सभा भरली. महाराज पाठीला हळद लावून बसले होते. पाठीला काय झालं, असं कुणी विचारलं नाही. माळावर तिरकी वाट नाही, हा ठराव पुन्हा एकदा मांडला गेला. सगळ्यांनी हात वर केले. नेमाजीनेही केला. ठराव एकमताने मंजूर झाला आणि सभा संपल्यावर सगळे सभासद घरी गेले. लवकर पोचायचं होतं, त्यामुळे ते कुठून गेले हे तुम्हाला सांगायला नकोच.

तात्पर्य : जे मोजता येत नाही ते नसतंच, असं चारचौघांत ठासून सांगावं. फक्त घरचं माणूस अडलं असेल, तेव्हा त्या नसलेल्यावरूनच जावं.