लहानूबाबांचा कच्चा दाणा

लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलं की आमच्या पाड्यावरचे लहानूबाबा नाकाने चालायला लागतात. म्हणजे प्रत्येक दारापुढे थांबतात, मान वर करतात आणि चुलीचा वास घेतात. नवं खाण्याचा सण होईपर्यंत नव्या तांदळाचा भात कोणी शिजवायचा नाही. पहिला घास कणसरीचा, धान्यदेवीचा. आणि सणाचा दिवस ठरवणार बाबा.

मोखाड्याकडच्या या पाड्यावर मी शाळेत शिकवायला आले, त्याच वर्षी माझा कुकर पकडला गेला.

"बाई, तांदूळ कवाचा?"

"जव्हारच्या दुकानातला."

"दुकान नाय इचारला. शेतातून कवा आला?"

मला सांगता येईना. बाबांनी डब्यातले चार दाणे दाताखाली फोडले, बराच वेळ चघळले आणि निकाल दिला, "म्हातारा हाय. खा."

यंदा मात्र भात कापून, झोडून झालं तरी बाबा दिवस ठरवेनात. कोणी विचारलं की सुपातला दाणा नखाने दाबून बघायचे. "कच्चा हाय आजून." आठ दिवस गेले. घराघरातला जुना तांदूळ संपला, लोक नागलीच्या भाकरीवर आले. आजूबाजूच्या पाड्यांवर सण होऊन तारपाही वाजून गेला.

शेवटी मी शेजारच्या जानकीमावशींना म्हटलं, "दाणा तर कडक झालाय. बाबांना कळत नाही का?"

मावशी भाकरी थापत राहिल्या. "कळतं की. त्याची लेक सविता भिवंडीला गोदामात कामाला हाय. सुट्टी मिळंना तिला. बायको गेल्यापासून ती एकलीच हाय त्याला."

"मग तुम्ही कोणी बोलत का नाही?"

"काय बोलायचं? तो सांगतो कच्चा हाय, आमी म्हणतो बरं."

शुक्रवारी दुपारी सविता एसटीतून उतरली. बाबा फाट्यावरच बसले होते. मला बघून म्हणाले, "जरा कामाला आलतो."

दुसऱ्याच दिवशी सण झाला. कणसरीला नैवेद्य दाखवून झाला, पानांवर वाफाळता भात पडला. सविता खाली मान घालून भराभरा जेवत होती. बाबा तिच्यासमोर बसून नुसते बघत होते.

"बाबा, तुम्हीही जेवा ना," मी म्हटलं.

"जेवतो बाई. माना काय घाई हाय? तिला उद्या सकाळच्या गाडीनं जायचा हाय." आणि आपल्या पानावरचा भात उचलून त्यांनी तिच्या पानावर ठेवला.