पदरचा एक इंच

उषामावशी दीड मीटर अंतर पाळत नसत. त्या पाच फूट पाळत. दीड मीटर म्हणजे चार फूट अकरा इंच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी तोंडी हिशोब करून सगळ्यांना सांगितलं होतं. "ते झालं सरकारचं," त्या म्हणाल्या. "वरचा एक इंच माझ्या पदरचा."

त्यासाठी पडद्याची एक जुनी दांडी त्यांनी बरोबर पाच फुटांवर कापून घेतली होती. मी स्वयंपाकघरात शिरले की ती दांडी आडवी माझ्या रोखाने यायची. टोक माझ्या पोटाला लागलं तर मी एक पाऊल मागे सरकायचं. नाही लागलं तर "गुड मॉर्निंग".

मी तेव्हा नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टला शिकत होते आणि मंदारदादा-ऋजुतावहिनींच्या घरातली वरची, उतरत्या छपराची खोली भाड्याने घेऊन राहत होते. उषामावशी म्हणजे मंदारदादांची आई. मिरजेच्या एका प्रसूतिगृहात त्या चौतीस वर्षं नर्स होत्या. फेब्रुवारीत इकडे आल्या त्या मुलीच्या, शिल्पाताईच्या बाळंतपणासाठी. शिल्पाताई आर्नहेमला, म्हणजे ट्रेनने दीडेक तासावर. मार्चच्या मध्यावर मावशींनी तिकडे जायचं ठरलं होतं. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, हाताने शिवलेली चार झबली, सगळं बॅगेत भरून तयार होतं. नेमकं त्याच आठवड्यात करोनामुळे सगळं बंद झालं. मावशींचं वय एकाहत्तर, त्यात शुगर, आणि जावई रोज कामावर बाहेर जाणारा. डॉक्टर म्हणाल्या, थांबा.

एप्रिलमध्ये मुलगी झाली. मावशी थांबलेल्याच होत्या.

दुसरी एखादी बाई रडली असती. मावशींनी मेट्रिक पद्धतीशी वैर धरलं.

सुरुवात शिल्पाताईच्या फोनपासून झाली. "आई, तीन हजार चारशे वीस ग्रॅम!"

"ग्रॅममध्ये काय सांगतेस? मिरच्या आहेत का? मापात सांग."

'मापात सांग' हे मावशींचं पेटंट वाक्य. माप म्हणजे पौंड, औंस, फूट, इंच आणि तापाला फॅरेनहाइट. बाकीचं सगळं त्यांच्या लेखी अंदाजपंचे. शिल्पाताईला मापात सांगता येईना, म्हणून जिन्याखालून मला हाक आली. मी फोनवर आकडे टाकले आणि चार पायऱ्या वरूनच सांगितलं, "सात पौंड, साडेआठ औंस."

मावशींनी डोळे मिटले. दोन्ही हात जरासे वर उचलले, जणू कुणी त्यात काही ठेवणार आहे. मग म्हणाल्या, "हं. छान आहे. मांड्या भरलेल्या असणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक दोनशेपानी वही काढली, मधोमध रेघ मारली. डावीकडे 'पौंड-फूट', उजवीकडे 'किलो-मीटर'. "हे किलो-मीटर आणताना लोकांना कुणी विचारलं होतं का? मला तरी नाही विचारलं. आता आपण विचारू. परत जुनं आणायचं का नाही, ते लोक सांगतील. आणि तू लिहायचंस."

"मी?"

"तुझं अक्षर बरं आहे. आणि तू मध्ये बोलत नाहीस."

बेल वाजवण्याआधी समोरचा माणूस घरात नसावा अशी मनोमन प्रार्थना करणाऱ्यांपैकी मी आहे. त्या वर्षी सगळे घरातच असायचे.

पहिलं मत शेजारच्या यानआजोबांचं. कुंपणापलीकडे ते सायकलची साखळी साफ करत होते. मावशींनी दांडीने अंतर तपासलं आणि आपल्या वॉर्डातल्या इंग्लिशमध्ये विचारलं, "मिस्टर यान, यू बेबी टाइम, हाऊ मेनी पाउंड?"

यानआजोबा गोंधळले नाहीत. "आठ पौंड," ते म्हणाले. "माझी आई सगळ्यांना सांगायची." शिवाय सायकलचं चाक अठ्ठावीस इंची आहे, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आख्खा नेदरलँड्स शरण आला. "डावीकडे लिही!"

घरी आल्यावर मी हळूच सांगितलं, की इथला पौंड म्हणजे पाचशे ग्रॅम, आपल्यापेक्षा मोठा. मला वाटलं, मत बाद होईल. मावशींनी क्षणभर ओठ हलवले. "म्हणजे आपल्या मापात पावणेनऊच्या वर गेला! आणि आठच सांगतो. बढाई नाही हो माणसाला." मताखाली त्यांनी कौतुकाची एक रेघ ओढली.

रविवारी मराठी मंडळाची ऑनलाइन बैठक होती. विषय होता, यंदा गणपती कसा करायचा. मावशी मंदारदादांच्या खांद्यावरून कॅमेऱ्यात शिरल्या. "किलो-मीटर कुणाकुणाला हवंय?" सगळे हसले आणि सगळ्यांनी हात वर केले. आयटीतली शहाणी माणसं.

"बरं. कुलकर्णी, तुमची उंची?"

"पाच आठ, मावशी."

"पुण्यातला फ्लॅट?"

"अकराशे स्क्वेअर फूट."

"मागे टीव्ही दिसतोय तो?"

"पंचावन्न इंची."

"मुलगा किती पौंडाचा झाला होता?"

कुलकर्णी काही बोलायच्या आत त्यांची बायको मागून ओरडली, "साडेसहा!"

"लिही गं, डावीकडे. दोन मतं." असे एकेक करून सगळे डावीकडे गेले. मंदारदादा कपाळाला हात लावून म्हणाले, "आई, ही निवडणूक नाही, ही उलटतपासणी आहे."

"तुझी उंची किती रे?"

"पाच नऊ," मंदारदादा म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

उरले होते मी. "तुझं मत?" मावशींनी विचारलं. मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं म्हणजे मला मत नव्हतंच. शाळेत सेंटिमीटर शिकवले, घरी फूट बोलायचे; दोन्ही मला परकेच. 'पावणेदोन' कुणी म्हटलं की मी अजून मनात आधी इंग्लिशमध्ये मांडून बघते. मावशींना ते कळायचं. "दोन्हीकडून कोरी आहेस तू," त्या म्हणायच्या. पण माझ्यासाठी वहीत एक ओळ त्यांनी मोकळी ठेवली.

मेमध्ये जरा सैल झालं. डॉक्टर म्हणाल्या, घरात सगळे ठणठणीत असतील तर शनिवारी जायला हरकत नाही. आणि गुरुवारी मंदारदादांना ताप आला.

वहिनींनी हाउसआर्ट्सच्या दवाखान्यात फोन लावून स्पीकरवर ठेवला. इथल्या या घरगुती डॉक्टरकडे आधी फोनवरच सगळं सांगावं लागतं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "टेंपरेचर किती?" मिरजेहून आणलेला पाऱ्याचा थर्मामीटर उजेडाकडे धरून मावशी मागून गरजल्या, "हंड्रेड अँड वन!"

पलीकडे कीबोर्डची बटणं वाजली. मग त्या बाईंनी अतिशय सौम्य आवाजात विचारलं, "पेशंट आत्ता बोलू शकतोय का?"

आम्ही सगळे हसलो. मंदारदादाही पांघरुणातून हसले. मावशी हसल्या नाहीत. थर्मामीटर झटकून त्यांनी डबीत ठेवला, शनिवारसाठी काढून ठेवलेली साडी परत कपाटात ठेवली. ताप दोन दिवसांत गेला. पण दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे होते.

या सगळ्यात एक गोष्ट मला उलगडत नव्हती. हरभऱ्याची डाळ. घराचा बाजारहाट मी करायचे. बाळ झालं त्या दिवशी मावशींनी माझ्याकडून दोन-दोन किलोंची दोन पाकिटं मागवली. मग दर थोड्या दिवसांनी आणखी एक छोटं पाकीट. पाकीट आलं की त्या वजनाचा काटा घेऊन आपल्या खोलीत जायच्या आणि दार लावायच्या. काट्याच्या पोटाखाली एक बटण आहे, ते दाबलं की तो पौंड दाखवतो, हा शोध मीच लावला होता. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बघ, कंपनीलासुद्धा जनमत ठाऊक आहे." पहिल्या आठवड्यात तर वाटीभर डाळ उलट स्वयंपाकघरात परत आली. वहिनी रोज विचारायच्या, "आई, पुरणपोळ्या कधी?" मावशी म्हणायच्या, "होतील, होतील."

मेच्या अखेरीस एका शनिवारी दुपारी शिल्पाताईचा मेसेज आला: ४१८०. हाक यायच्या आधीच मी गणित केलं आणि खाली गेले. मावशींच्या खोलीचं दार थोडं उघडं होतं.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. दांडी कोपऱ्यात टेकवलेली. मांडीवर जुन्या सुती साडीचं एक गाठोडं, त्याला शिवलेल्या चारांपैकी एक झबलं घातलेलं. डावा हात खाली, उजव्या हाताने त्या थोपटत होत्या. बघत मात्र खिडकीबाहेर होत्या.

न बोलता मागे फिरणं मला चांगलं जमतं. पण जिन्याची पायरी वाजली.

"किती?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"नऊ पौंड, तीन औंस."

"म्हणजे आज सात औंस घालायला हवेत. पहिल्या आठवड्यात बाळं उतरतात, तेव्हा काढले होते." थोपटणं चालूच होतं. "डाळ बरी. बाळासारखी खाली बसते." मग म्हणाल्या, "चौतीस वर्षं लोकांची पोरं सगळ्यांत आधी मी हातात घेतली. त्यांच्या आयांच्याही आधी. आता हिची सवय राहायला हवी ना हातांना? तिकडे गेल्यावर पोरीला परकं वाटायला नको."

मी दांडीकडे बघत राहिले. त्यांनी ते पाहिलं.

"आणि तो इंच होय? उद्या डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही नीट पाळलं नाहीत, तर? माझ्याकडून काही कमी पडायला नको बाई."

त्यांनी गाठोडं अलगद पलंगावर निजवलं आणि समोरच्या भिंतीला जाऊन टेकल्या. दांडी न लावताही अंतर पाच फूट होतं.

"हात धुतलेस?"

"हो."

"मग घे."

मी उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं, आणि मऊ.

"अशी नाही. मान. मान धर."

मी डावा हात वर सरकवला.

"हां. आता सांग, किती असेल? आजचे सात औंस अजून घातलेले नाहीत."

"पावणेनऊ असतील," मी म्हणाले. आधी इंग्लिशमध्ये मांडून न बघता.

मावशींनी उशाखालून वही काढली, पेनचं टोपण दातांनी उघडलं आणि माझ्या मोकळ्या ओळीत काहीतरी लिहायला लागल्या. कुठल्या बाजूला, ते मी विचारलं नाही. मी तशीच उभी होते, डाळीची मान सांभाळत.