साहेबाला सांगायचं नाही

"मत कुणाला दिलं ते कुणालाही सांगायचं नाही!" सकाळपासून ओरडून ओरडून शरच्चंद्र गुरुजींचा घसा बसला होता. आंदर मावळातल्या त्यांच्या शाळेत प्रांतिक निवडणुकीचं मतदान होतं आणि केंद्र त्यांच्या गळ्यात पडलं होतं. भरीस भर म्हणून आपल्याकडे निवडणूक कशी होते ते बघायला अमेरिकेहून दोन निरीक्षक आले होते. एकाला लोणावळ्याची हवा मानवली, तो तिथंच राहिला. दुसरा इथं दारात खुर्ची टाकून बसला होता. मामलेदारांनी बजावलं होतं, साहेबाच्या अहवालात गुप्ततेबद्दल एक वाकडा शब्द आला, तर कबूल केलेली तळेगावची हेडमास्तरकी विसरा.

पहिलाच मतदार गेणू. पडद्याआडून निघाला तो थेट साहेबापुढं.

"रामराम सायेब! पागुटंवाल्याला दिलं बगा."

"अरे गेणू, गुप्त असतं ते!"

"व्हय की. गावात न्हाईच सांगनार. पर ह्यो मानूस एवड्या लांबनं इचारपूस कराया आलाय, त्याच्याम्होरनं मुक्यानं जाऊ?"

"काय म्हणतो हा?" साहेबानं इंग्रजीत विचारलं.

"नमस्कार म्हणतो," गुरुजींनी ठोकून दिलं.

मग काय, रांगच लागली. गुरुजींनी सावलीचं निमित्त करून साहेबाला मागच्या पडवीत बसवलं, तर लोक शाळेला वळसा घालून पडवीत! काय म्हणावं या माणसांना? महिपतीनं तर टोपीवाल्या उमेदवाराला का दिलं आणि पागोटेवाल्याला का नाही, सगळं हातवारे करून सांगितलं.

"आणि हा?"

"नमस्कारच. जरा सविस्तर."

तेवढ्यात साहेबाला शिंक आली आणि महिपती घाबरला.

"गुरुजी, सायेबाला न्हाई आवडलं. माजी चिठ्ठी काडून द्या, बदलून टाकतो!"

गुरुजी अगदी रडकुंडीला आले.

संध्याकाळी पेटीला सील लागलं, साहेबानं अहवालावर सही केली. गुरुजी सुटकेचा श्वास टाकतात तोच बयाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सायेब, आमी समद्यांनी सांगितलं. आता तुमच्या मुलखात तुमी कुनाला देता ते सांगा."

"मावशी, त्यांना मराठी कुठं कळतं!" गुरुजी वैतागून म्हणाले.

"ते गुप्त असतं, मावशी," साहेब स्वच्छ मराठीत म्हणाला. "माझं लहानपण नगरच्या मिशनात गेलं. पण मत गुप्त ठेवायचं हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

संपलं, गुरुजी मनात म्हणाले. हेडमास्तरकी गेलीच.

"साहेब... अहवालात काय लिहिलंत?"

साहेबानं टोपी डोक्यावर चढवली.

"मतदारांनी नमस्कार केला," तो म्हणाला. "जरा सविस्तर."