भिंगरीने काढलेली गाडी

शाळेची कोरी करकरीत बस पुलाच्या उंचवट्यावर पोट टेकून बसली आणि ड्रायव्हरकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढची चाकं पुलाच्या पलीकडे, मागची अलीकडे, आणि मधलं धूड काही केल्या हलेना.

शाळेच्या गाडीत चाकांची खुर्ची थेट आत गेली पाहिजे, असा नियम आला होता. म्हणून जुनी उंच गाडी जाऊन ही नवी आली. उतरती फळी, खुर्ची बांधायला चार पट्टे, जमिनीला लागेल इतका खाली तळ, सगळं झकास! परवा रिकामी असताना काकांनी ती पुलावरून अलगद काढलीही होती. भरल्यावर ती किती दबेल, हे मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आठ वर्षांची भिंगरी आज पहिल्यांदाच शाळेला निघाली होती. तिचे वडील वेल्डर. लेकीची खुर्ची त्यांनी स्वतः बनवलेली, लोखंडी आणि भलतीच दणकट. निघताना आई म्हणाली होती, "काका, एकदा पाठवून बघते. पण हिच्यापायी कुणाचा खोळंबा झाला, तर उद्यापासून ही घरीच शिकेल. पोरीला कुणाची बोलणी नकोत."

"काही काळजी करू नका, ताई," काका ऐटीत म्हणाले होते. आता ती ऐट पार उतरली.

"उतरा रे सगळे! ढकला!"

पोरांना तेच हवं होतं. सगळी धडाधड उतरली. भिंगरी तेवढी आत राहिली.

"तिलाही उतरवू या का?" काकांनी गाडीतल्या मावशींना विचारलं.

"अजिबात नाही! पट्टे शाळेच्या दारातच सोडायचे. मला तसं शिकवलंय."

"अहो, शाळेचं दार काय इथे चालत येणार आहे?"

"ते तुम्ही बघा."

पोरांनी जोर लावला. गाडी ढिम्म! मागे दूधवाला अडकला. "अरे, कुणासाठी एवढं थांबलाय?" तो ओरडला. काकांनी चटकन आत पाहिलं. भिंगरीने ते ऐकलं होतं.

"काका, मला खाली उतरवा," ती म्हणाली.

"रडू नकोस गं बाळा, आत्ता निघू."

"रडतंय कोण? मलापण ढकलायचंय. मला रोज सगळे ढकलतात. मी अजून कुणालाच ढकललं नाहीये."

काकांनी मावशींकडे बघितलं. मावशी दुसरीकडे बघू लागल्या आणि बघता बघताच त्यांनी पट्टे सोडले.

भिंगरी फळीवरून खाली आली, बसच्या मागे गेली आणि दोन्ही हात टेकवून म्हणाली, "हं, एक, दोन, तीन!"

गाडी सुटली. पोरांनी एकच कल्ला केला. ती दणकट खुर्ची उतरताच गाडीचं पोट बोटभर वर आलं होतं, हे काकांनी बघितलं आणि तिथेच गिळलं.

संध्याकाळी आई दारात उभी होती. "शाळेला उशीर झाला म्हणे?" तिने काकांना विचारलं.

"आई, गाडी अडकली होती. मी ढकलली!"

"हिनेच काढली!" खिडक्यांतून पोरं ओरडली.

आईने काकांकडे रोखून पाहिलं.

"खरंय, ताई," काका म्हणाले. "ही उतरली म्हणून निघालो, नाहीतर अजून तिथेच असतो."

आईने लेकीचे धुळीने माखलेले तळवे हातात घेतले. मग पदराने डोळे टिपत म्हणाली,

"मग उद्या थोडं लवकर या. ढकलायला वेळ लागतो."