पूजेला बसलेला मालक

"शेअर घ्यायचा म्हणजे मुलगी द्यायची समज! आधी मालक बघायचा, घराणं बघायचं, मगच सुपारी फोडायची!" धनेशनं दसऱ्याच्या सकाळी जाहीर केलं.

करिष्माला त्या सुपारीशी काही देणंघेणं नव्हतं. धनेशचा दिवाळीचा बोनस हातात आला होता आणि त्यातून तिची स्कूटर यायची होती. कासारवाडीहून भोसरीच्या दवाखान्यात कामाला जाताना बसच्या गर्दीत तिच्या ओढणीचं रोज पायपुसणं व्हायचं. पण नवऱ्याच्या डोक्यात 'चौकार स्पोर्ट्स' ही चाकणची बॅटी आणि फुटबॉल बनवणारी कंपनी शिरली होती. सगळा बोनस तिच्या शेअरमध्ये घालायचा आणि वर्षभरात स्कूटरऐवजी मोटार आणायची, असा त्याचा बेत!

"तू आमच्या कंपनीतल्या पूजेला जा. मी चाकणला मालक बघून येतो!"

चौकारच्या गेटला झेंडूचं तोरण होतं आणि सणामुळे आत जायला कुणालाच मज्जाव नव्हता. यंत्रांची पूजा चालली होती. पाटावर फेटा बांधलेले एक गृहस्थ सपत्नीक बसले होते. धनेश नोकरीला लागल्यापासून त्याच्या कंपनीत पूजेला शेठच बसत. तेव्हा हेच मालक, यात शंका कसली? आणि काय ते मालक! प्रत्येक यंत्राला स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावत होते. एका यंत्राला तर त्यांनी डोळे पुसत कपाळ टेकवलं! धनेशचा ऊर भरून आला. असा माणूस कंपनी बुडवेल? त्यानं तिथेच मोबाइल काढला आणि अख्ख्या बोनसच्या शेअरची ऑर्डर ठोकून दिली.

मग पेढा घेत तो अदबीनं पुढे झाला. "साहेब, पुढचा काय विचार?"

"पुढं काय? महिनाअखेरीला सुटलो. गावाकडं जाऊन शेळ्या पाळायच्या."

"आणि कंपनी?"

"ती मालक बघतील की!"

"म्हणजे... तुम्ही मालक नाही?"

"न्हाई वो! मी रंगराव. फुटबॉल शिवायच्या खात्यात हाय. जो रिटायर व्हतो, त्याला इथं पूजेला बसवत्यात. मालकांनी तर आपलं शेअर बँकेकडं गहाण ठेवल्यात. पेपरात आलं व्हतं, वाचलं न्हाई? अन् नवा मॅनेजर दिवाळीपातूर टिकतोय का, यावर आमच्यात पैजा लागल्यात!"

धनेशनं पेढा खिशात टाकला. बसच्या दांडीला लोंबकळत जन्मभर टोमणे मारणारी करिष्मा त्याला दिसू लागली. घाईघाईनं त्यानं मोबाइल उघडला. ऑर्डर तशीच लटकलेली होती! आज दसरा, शेअर बाजार बंद!

त्यानं ऑर्डर रद्द केली, रद्द झाल्याची पुन्हा खात्री केली आणि सरळ रंगरावांच्या पाया पडला.

"आवो, मी मालक न्हाई म्हणलं ना!"

"म्हणूनच पडतोय, काका! बायकोची स्कूटर वाचली!"

घरी मात्र तो ऐटीत शिरला. "नाही घेतले शेअर! मालक पसंत पडला नाही. जा, स्कूटर बुक कर!"

करिष्माचा चेहरा असा खुलला की धनेशला अगदी हलकं हलकं वाटलं. "बरं झालं बाई!" ती म्हणाली. "आणि तुमचे नवे मालक छान आहेत हं!"

"कसले नवे मालक?"

"आज पूजेला बसले होते ते! शेठनी कंपनी विकली ना गणपतीत. बोनस यांनीच दिला. तुम्हाला ठाऊक नाही?"

धनेश खुर्चीत हळूच टेकला. "ठाऊक... म्हणजे तसं..."

"राहू द्या," करिष्मानं त्याच्या तोंडात पेढा कोंबला. "स्कूटर माझ्या नावावर घ्यायची. तिचा मालक कोण, एवढं तरी लक्षात राहील तुमच्या!"