वाटी रिकामी जात नाही

श्यामलालनं चारचौघांत शब्द दिला नसता, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण आमगावजवळच्या त्या गावात त्याच्याइतका शब्द देणारा माणूस दुसरा नव्हता. पाळणारे बरेच होते.

झालं असं, की मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात खाली बसायची पंगत होती. श्यामलाल बसायला वाकला. गुडघे कुरकुरले, पोट आडवं आलं, आणि वाढप्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून मोठ्या मानानं खुर्ची-टेबलाकडे नेलं. तिथं गावच्या म्हाताऱ्या जेवत होत्या. त्यातली एक बिनदातांची आजी जरा सरकली आणि म्हणाली, "बस बेटा. तुजे बी गुडघे गेले का?"

हे शालीकरामनं पाहिलं. शालीकराम म्हणजे श्यामलालचा शेजारी आणि शाळेपासूनचा दोस्त. तो हसला, आणि तिथंच घात झाला.

"हसून कायले राहिला बे?" श्यामलाल म्हणाला. "तुज्या पोरीच्या, भूमिकाच्या लग्नात तुज्या बाजूले खाली बसून जेवीन. बसाले-उठाले कोनाचा हात नाही लागन मले."

"आन् नाही बसला त?"

"त नवरदेवाच्या आजीजवळ खुर्चीवर बसव."

शब्द देऊन झाला, पण श्यामलालला रात्रभर (खरं तर झोप लागेपर्यंत, म्हणजे फार वेळ नाही) जुन्या पंगती आठवत राहिल्या. सडा घातलेलं ओलं अंगण, पळसाच्या पत्रावळी, बादली घेऊन पळणारे वाढपी. पत्रावळीवर कढी सांडू नये म्हणून भाताचा धुरा, म्हणजे बांध घालायचा, अगदी धानाच्या बांधीला घालतात तसा. शालीकचा धुरा हमखास फुटायचा आणि त्याची कढी श्यामलालच्या पत्रावळीत यायची. मग दोघं भांडायचे आणि भांडता भांडता आणखी कढी मागून घ्यायचे. ते दिवस पुन्हा यावेत असं त्याला फार वाटलं. पोट तेवढं आड येत होतं.

दिवाळीनंतर देवच धावून आला. गोंदियाच्या एका मोठ्या दवाखान्यातून दामिनी मॅडम गावात आल्या. लहान-मोठ्यांचा लठ्ठपणा कशानं वाढतो आणि कशानं उतरतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी गावातली गोल गोल कुटुंबं निवडली आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला कोदो-कुटकी या भरड धान्यांचा भात, उकडलेली बरबटी म्हणजे चवळी, पालेभाज्या आणि रोजचं चालणं. दुसऱ्यानं नेहमीसारखंच जेवायचं, फक्त वजन देत राहायचं. श्यामलाल आणि त्याची नात आचल (तीही आजोबांवर गेली होती) पहिल्या गटात आले. शालीकराम दुसऱ्यात.

"दोन्ही गटांची तुलना करायची आहे," मॅडमनी बजावलं. "म्हणून एकमेकांचं खाऊ नका. एवढं एकच पथ्य पाळा, बाकी मी बघते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. श्यामलालनं तर शब्द दिला.

पहिल्याच दिवशी श्यामलालची बायको सुमित्राबाई हिनं कोदो रांधला. लहानपणी कोदो म्हणजे गरिबाघरचं अन्न. पाहुणा आला की तो भात लपवायचा. आता तोच औषध होऊन परत आला होता. पहिला घास घेताच श्यामलालला आपली माय आठवली, आणि त्यानं भिंतीपलीकडे हाक मारली.

"शालीक, कोदो आहे गा."

"आपल्या मायच्या हातचा होता तसा?"

आता असं कोणी विचारल्यावर त्याला वाटीभर न देणं माणुसकीला धरून नव्हतं. आचल वाटी घेऊन धापा टाकत भिंत चढून पलीकडे गेली. वाटी संपली. पण शालीकरामची बायको सुशिलाबाई जुन्या वळणाची. शेजारची वाटी रिकामी परत पाठवायची नाही, ही तिच्या सासूची शिकवण. वाटीत आले उडदाचे वडे.

श्यामलालनं वड्यांकडे पाहिलं. वड्यांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"अजी, मॅडमनं नाही म्हटलं ना?" सुमित्राबाई म्हणाली.

"दुसऱ्या गटाचं नाही म्हटलं. हे त शेजारचं होय. परत कसं धाडाचं?"

परत धाडणं खरंच शक्य नव्हतं, आणि वड्यांची वाटीही रिकामी जायची नव्हती. तिच्यात बरबटी गेली. बरबटीच्या वाटीत सुवाऱ्या, म्हणजे तेलात तळलेल्या पुऱ्या आल्या. सुवाऱ्यांच्या वाटीत पालेभाजी गेली, आणि तिच्यात गुलगुले आले. हिवाळाभर त्या भिंतीवरून आचल वारीवर वारी करत राहिली. शालीकराम रोज कोदो खाऊन मायची आठवण काढायचा, श्यामलाल रोज वडे खाऊन शेजारधर्म पाळायचा. दोघांनाही आपण काही चुकतोय असं वाटलं नाही.

होळी झाल्यावर मॅडम काटा घेऊन आल्या. श्यामलाल काट्यावर चढला. मॅडमनी आकडा पाहिला, काटा झटकला, सेल बदलले. आकडा हटेना. श्यामलाल वाढला होता. मग शालीकराम चढला, तर तो चांगलाच उतरला होता. मॅडमनी चिठ्ठ्यांचे कागद उलटसुलट करून पाहिले.

"शालीकरामजी, तुम्ही काही वेगळं खाताय का?"

"नाही जी. घरी येते तेच."

एवढ्यात आचल भिंतीवरून टुणकन उतरली. हातात वाफाळती वाटी. "आजोबा, बोंडे. गरम आहेत तवर खा म्हणते तिकडची आजी."

मॅडम वाटीकडे बघत राहिल्या, मग भिंतीकडे, मग आचलकडे. तिलाच काट्यावर उभं केलं. पोरगी पार सडसडीत झाली होती.

"माझा सगळा अभ्यास तुमच्या या वाटीत बुडाला, काका," मॅडम म्हणाल्या. रागवावं तर तेही जमेना. त्यांना हसू आवरत नव्हतं. श्यामलालला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न तोंडावर आलं होतं.

त्या दिवसापासून सुशिलाबाईच्या वाटीत तुळशीची पानं येऊ लागली. वाटी रिकामी नाही, पोट मात्र रिकामंच. श्यामलाल बांधीच्या धुऱ्यांवरून चालू लागला, कोदोचे सगळे घास स्वतः खाऊ लागला. थोडा उतरला. गुडघा थोडा वाकू लागला.

भूमिकाच्या लग्नात पहिली पंगत बसली आणि श्यामलाल कोणाचा हात न धरता खाली बसला. सगळ्या मांडवानं पाहिलं. ओली जमीन, पळसाची पत्रावळ, कढी. त्यानं भाताचा धुरा घातला आणि त्याचे डोळे भरून आले. बाजूची जागा तेवढी रिकामी होती, कारण मुलीचा बाप शेवटच्या पंगतीला जेवतो.

पंगत उठली. श्यामलालनं उठायचं मनात आणलं. गुडघे बसायला शिकले होते. उठायचं त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. हात मागावा, तर शब्द गेला. तो दुसऱ्या बाजूच्या माणसाशी गप्पा मारतोय असं दाखवत बसून राहिला (तो माणूस केव्हाच हात धुवायला गेला होता). दुसरी पंगत बसली. वाढप्यानं नवी पत्रावळ टाकली. बसलेल्या माणसानं वाढलेल्याला नाही म्हणणं म्हणजे अन्नाचा अपमान. तो जेवला. मग आणखी एक पंगत बसली. तो पुन्हा जेवला.

शेवटच्या पंगतीला शालीकराम आला आणि दोस्ताला तिथंच बसलेला पाहून गहिवरला.

"माज्यासाठी थांबला गा तू?"

"हाव," श्यामलाल म्हणाला. त्याला ढेकर आला.

दोघं जेवले. शालीकचा धुरा फुटला आणि कढी श्यामलालच्या पत्रावळीत आली, अगदी तेव्हासारखी. श्यामलालला वाटलं, आता जन्मात आणखी काही नको. कढी तर मुळीच नको.

"आजोबा," आचल सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमी सकाळपासून उठून काऊन नाही राहिले?"

शालीकरामनं हात पुढे केला. एकट्याच्यानं काही झालं नाही. लग्नाला आलेल्या दामिनी मॅडमनीही दुसरा हात धरला. श्यामलाल जेमतेम वर आला आणि डुलू लागला. तेव्हा खुर्चीवर जेवत असलेली नवरदेवाची आजी काठी टेकत उठली, तिनं आपली खुर्ची त्याच्या मागं सरकवली आणि मायेनं म्हणाली, "बस बेटा."